दोन्ही हातांची नाडी

शरीरात डोकावणाऱ्या यंत्रांशी आपल्या चळवळीचं नातं वैराचं राहिलेलं आहे, आणि त्याला कारण आहे. आधी गर्भजल परीक्षा आणि मागाहून सोनोग्राफी यांनी आपल्याला शिकवलं, की यंत्र तटस्थ नसतं. ते ज्या समाजात येतं त्या समाजाची कामं करू लागतं. गर्भलिंग-चाचणीविरोधी कायदा महाराष्ट्रात १९८८ साली झाला, देशात पहिला, आणि केंद्राचा १९९४ साली. त्यासाठी आपल्यातल्या कितीजणींनी किती मोर्चे, किती निवेदनं, किती रात्री घातल्या ते इथं सांगायला नको. म्हणून ‘अमुक एक स्कॅन बायकांना मिळालाच पाहिजे, सरकारी रुग्णालयात मिळाला पाहिजे’ अशी मागणी स्त्री-संघटनेच्या मासिकातून करायची, तर हात थोडा आखडतो. तरी ती मी करणार आहे. पण अटी घालून. अटींवाचून केलेली मागणी यंत्र विकणाऱ्याच्या कामाची असते.

मी बोलते आहे ती ‘पेट स्कॅन’बद्दल. आपल्याकडे हा शब्द कॅन्सरच्या संदर्भात ऐकू येतो. ‘पेट काढायला सांगितलंय’ म्हटलं की घरात रडारड सुरू होते. पण अंगातली आग, म्हणजे जंतू नसताना शरीर स्वतःच्याच पेशींवर उठतं तेव्हा होणारा दाह, तो कुठे आहे हेही या तपासणीतून दिसू शकतं. असा एक आजार आहे ‘ताकायासू’. मोठ्या रोहिण्यांना, म्हणजे हृदयातून निघणारी महाधमनी आणि तिच्या हाताकडे, मानेकडे, मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या फांद्या यांच्या भिंतींना सूज येते. सूज राहून राहून भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते, कधी पूर्ण बंद होते. मग मनगटाला नाडी लागत नाही. डॉक्टरी पुस्तकांत याला ‘नाडी नसलेला आजार’ असंही म्हटलेलं आहे.

हा प्रामुख्याने तरुण बायकांचा आजार. बहुतेकींना चाळिशीच्या आत, पुष्कळजणींना विशीत. १९०८ साली मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने २१ वर्षांच्या एका स्त्रीच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं विचित्र कडं पाहिलं आणि ते आपल्या परिषदेत मांडलं. त्यावर दुसऱ्या दोन डॉक्टरांनी सांगितलं, की आपण पाहिलेल्या अशाच रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नव्हती. आजाराला नाव डॉक्टरांचं लागलं. त्या मुलीचं लागलं नाही. असो, वैद्यकाच्या इतिहासात हे नेहमीचंच आहे.

आता आमच्या गटातल्या एका मुलीची गोष्ट. मुलगीच म्हणते, २६ वर्षांची, एका लेकराची आई. नाव तिच्या सांगण्यावरून देत नाही. ही सुरुवातीला आमच्या आरोग्य-गटाकडे आलीच नव्हती, बचत गटाच्या बैठकीला यायची आणि भिंतीला टेकून बसायची. तिची तक्रार एवढीच, की भाकरी थापताना डावा हात दोन-तीन भाकऱ्यांनंतर भरून येतो, लुळा पडल्यासारखा होतो. थांबलं की बरं वाटतं. धुणं पिळताना तेच. वेणी घालायला हात वर केला की तेच. संध्याकाळी बारीक ताप. वजन उतरत चाललेलं. सासूचं म्हणणं, कामाच्याच वेळी बरा दुखतो हात! आणि खरं सांगायचं तर सासूचं निरीक्षण अचूक होतं. या आजारात हात कामाच्याच वेळी दुखतो, कारण कामाच्या वेळी स्नायूंना जास्त रक्त लागतं आणि अरुंद झालेल्या वाटेने ते पोचत नाही. जे रोगाचं लक्षण म्हणून नोंदवायचं, ते आपल्याकडे कामचुकारपणाचा पुरावा म्हणून नोंदवलं जातं.

दीड वर्ष ती फिरली. एकाने रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्त कमी होतंही, त्यामुळे ते खोटं नव्हतं. एकाने टेन्शन घेऊ नका म्हटलं. एकाने ताप आणि वजन पाहून क्षयाची शंका घेतली, आणि ती शंका गावात पसरल्यावर तिचं ताट-वाटी वेगळी झाली. मधूनमधून कोपऱ्यावरच्या डॉक्टरचं ‘ताकदीचं इंजेक्शन’, ज्याने चार दिवस खरंच बरं वाटायचं. एका ठिकाणी नर्सबाईंनी डाव्या हाताला पट्टा बांधून रक्तदाब मोजायला घेतला, आकडाच येईना. मशीन बिघडलंय म्हणून पट्टा उजव्या हाताला बांधला, आकडा आला, कागदावर लिहिला गेला. मशीन बिघडलेलं नव्हतं. त्या दिवशी, त्या स्टुलावर, दोन मिनिटांत आणि फुकटात रोग ओळखू येण्यासारखा होता. दोन्ही हातांची नाडी पाहणं, दोन्ही हातांचा रक्तदाब मोजणं, गळ्याच्या हाडावर स्टेथोस्कोप ठेवून रक्त अडखळत वाहण्याचा आवाज ऐकणं – या तपासणीला वीज लागत नाही.

शेवटी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात निवासी डॉक्टर असलेल्या मुलीने दोन्ही मनगटं एकदम हातात धरली. तिथून सगळं फिरलं.

तरीही प्रश्न उरले होतेच, आणि इथे स्कॅनचा विषय येतो. सीटी अँजिओग्राफीत डाव्या हाताकडे जाणारी रोहिणी अरुंद झालेली दिसली. पण अरुंद वाट म्हणजे आतली आग चालू आहे, की आग विझून गेल्यावर राहिलेला हा व्रण आहे? हा प्रश्न वाटतो तेवढा पुस्तकी नाही. आग चालू असेल तर स्टेरॉईड आणि त्याच्या जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर मूल राहू देता येत नाही. आग विझलेली असेल तर हे सगळं भोगून काही मिळवायचं नाही. रक्तातली ईएसआर आणि सीआरपी ही मोजमापं मदत करतात, पण या आजारात ती पुष्कळदा दगा देतात. रक्त शांत आणि भिंतीत धग, असं होतं.

पेट स्कॅनची कल्पना मोठी सोपी आहे. साखरेसारख्या एका पदार्थाला, एफडीजीला, किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेलं असतं. तो शिरेतून देतात. जिथे पेशी धावपळीत असतात तिथे साखर जास्त ओढली जाते. मेंदू ओढतो, गाठ ओढते, आणि दाह असलेली रोहिणीची भिंतही ओढते. एफडीजी पेशीत शिरतं पण साखरेसारखं पुढे पचत नाही, तिथेच अडकतं. तिथून निघणारे किरण भोवतीच्या कड्यात टिपले जातात आणि चित्र तयार होतं. निरोगी महाधमनी या चित्रात फिकी दिसते. दाह असलेली उजळते. किती उजळली हे यकृताच्या उजेडाशी ताडून ठरवतात. आमच्या मुलीच्या चित्रात छातीतली महाधमनी आणि डाव्या हाताची फांदी एखाद्या पेटलेल्या दोरीसारखी दिसत होती. मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या वाटा शांत होत्या, ही त्यातल्या त्यात बरी बातमी. कारण तिथे वाट अरुंद झाली की तरुण वयात रक्तदाब भडकतो. भारतात या आजाराच्या कितीतरी रुग्णांची पहिली खूण हीच असते, आणि पंचविशीतल्या बाईचा रक्तदाब १७० निघाला तर आपण तिला काय सांगतो? विचार फार करू नकोस, मीठ कमी खा.

स्कॅनच्या निकालानंतर घरात एक घडलं, त्याने मला बरेच दिवस अस्वस्थ केलं. ते रंगीत चित्र नवऱ्याने मोबाईलवर सगळ्यांना दाखवलं. सासूने पाहिलं, आणि म्हणाली, “अहो ताई, एवढं पेटलंय आत आणि ही बोलली नाही!” ती दीड वर्ष बोलत होती. भाकरी थापताना बोलत होती, धुणं पिळताना बोलत होती. तिच्या तोंडच्या शब्दाला जे वजन नव्हतं ते यंत्राच्या चित्राला आलं. मैत्रिणींनो, म्हणून मी अटींबद्दल बोलते आहे. यंत्र हे बाईच्या दुखण्याचं साक्षीदार झालं तर हरकत नाही. एकमेव साक्षीदार झालं तर ज्यांच्या स्कॅनमध्ये काही दिसत नाही अशा सगळ्या बायका खोट्या ठरतात.

आणि या स्कॅनमध्ये काही न दिसण्याची कारणं पुष्कळ आहेत. ते कोपऱ्यावरचं ताकदीचं इंजेक्शन आठवा. अशा इंजेक्शनांत पुष्कळदा स्टेरॉईड असतं. स्टेरॉईड सुरू झालं की रोहिणीच्या भिंतीतला उजेड काही दिवसांतच मंदावतो. रोग तिथेच, पण चित्र शांत. म्हणून तपासणी करायचीच तर औषध सुरू होण्याआधी किंवा लगेच पहिल्या दिवसांत करायची, आणि तरीही स्कॅनची तारीख मिळत नाही म्हणून गंभीर रुग्णाचं औषध अडवून ठेवायचं नाही. उलट बाजूनेही फसगत आहे. क्षयाच्या गाठीही उजळतात. पूर्वी रोहिणीवर शस्त्रक्रिया झाली असेल तर ती जागा उजळते. वयानुसार कडक झालेल्या वाहिन्याही थोड्या उजळतात. पोट उपाशी नसेल, रक्तातली साखर चढलेली असेल, तर चित्र गढूळ येतं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली जी मार्गदर्शक सूत्रं दिली त्यांत ताकायासूसाठी पहिली पसंती एमआरआयला आहे. पेट, सीटी आणि सोनोग्राफी हे पर्याय म्हणून सांगितलेले आहेत. मानेच्या रोहिणीची जाड झालेली भिंत तर साध्या डॉपलर सोनोग्राफीतही दिसते. म्हणजे हात दुखणाऱ्या प्रत्येक बाईला पेटकडे पाठवा असं म्हणणारा डॉक्टर भेटला, तर त्याच्या पाठवणीत कट किती आहे हे विचारायला आपण लाजू नये. महाराष्ट्रात कट प्रॅक्टिस काय असते हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

किरणांच्या भीतीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बैठकीत सगळ्यात जास्त प्रश्न याचेच येतात. आपल्यापैकी अनेकजणी अणुबॉम्बच्या विरोधात रस्त्यावर उतरलेल्या आहेत, मीही होते, आणि ‘अणू’ शब्द दवाखान्याच्या पाटीवर पाहून कपाळाला आठी पडणं स्वाभाविक आहे. शिवाय बायकांत एक पक्की समजूत आहे, की या इंजेक्शनाने पिशवी जळते, मूल होत नाही. ते खरं नाही. एफडीजीतलं फ्लोरिन ११० मिनिटांत अर्धं होतं, पुढच्या ११० मिनिटांत त्याच्याही अर्धं. बारा तासांनी जवळजवळ एक टक्का उरतं. सीटीसह या तपासणीतून मिळणारे किरण हे आपल्याला माती-आकाशातून काही वर्षांत जेवढे मिळतात तेवढे असतात. यंत्रागणिक ते कमी-जास्त होतात. त्याने वांझपण येत नाही. पण म्हणून हौसेने दर सहा महिन्यांनी करावी अशी ही तपासणी नाही. विशीतल्या बाईला पुढे पन्नास वर्षं जगायचंय, तिच्या वाट्याला असे किती स्कॅन येणार याचा हिशेब डॉक्टरने ठेवला पाहिजे.

गर्भारपणात ही तपासणी शक्यतो टाळतात, म्हणून आधी विचारतात: पाळी कधी आली होती, दिवस गेलेत का? प्रश्न योग्यच आहे. पण तो कुठे विचारला जातो? नोंदणीच्या खिडकीवर, सासऱ्यांच्या, दिराच्या देखत. बिनलग्नाच्या मुलीला तिच्या वडिलांच्या देखत. खरं उत्तर मिळायला हवं असेल तर दार बंद करून, एकटीला विचारायला हवं आणि लघवीची चाचणी करायला हवी. या एका साध्या गोष्टीसाठी कुठल्याही अंदाजपत्रकाची गरज नाही. अंगावर पाजणाऱ्या आईलाही कुणी नीट सांगत नाही. आमच्या मुलीचं मूल तेव्हा अंगावर पीत होतं. नंतर काही तास बाळाला उराशी धरायचं नाही, दूध आधी काढून ठेवायचं आणि दुसऱ्या कुणी पाजायचं, हे तिला आम्ही विचारल्यावर कळलं. आणि मंगळसूत्र. सीटीसाठी छातीवरचा धातू काढायला सांगतात. त्या खोलीबाहेर मंगळसूत्र काढण्यावरून जी कुजबुज झाली ती ऐकताना मला हसावं की रडावं कळेना. शेवटी तिनेच ते काढून नवऱ्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, “तासभर तुम्ही सांभाळा.”

आता आकड्यांबद्दल एक शंका मांडते. जपानमधल्या नोंदींत या आजाराच्या दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया दिसतात. भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींत पुरुषांचं प्रमाण त्या मानाने बरंच जास्त दिसतं. तज्ज्ञ सांगतात की आपल्याकडे आजाराचं रूपही वेगळं आहे, पोटातली महाधमनी जास्त वेळा सापडते. ते खरं असेल. पण मुलगा आजारी पडला तर जमीन गहाण टाकून मुंबई गाठायची आणि सून आजारी पडली तर माहेरी धाडायची, ही आपली रीत त्या नोंदवहीत उतरलेली नसेलच, असं मी तरी मानायला तयार नाही. रुग्णालयाच्या दारापर्यंत जी पोचते तीच मोजली जाते. गमतीचा भाग असा की २०२२ साली अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी मिळून या आजाराच्या वर्गीकरणासाठी गुणांची जी पद्धत ठरवली, तिच्यात नाडी मंद लागण्याला गुण आहेत, दोन हातांच्या रक्तदाबातल्या फरकाला गुण आहे, आणि नुसतं स्त्री असण्यालाही एक गुण आहे. स्त्री असल्याबद्दल एखाद्या तक्त्यात जादा गुण मिळाल्याचं मी प्रथमच पाहिलं! ही पद्धत संशोधनासाठी आहे, निदानाची फूटपट्टी नव्हे. पण तरुण बाईची तक्रार अधिक गंभीरपणे घ्या, असं त्या एका गुणाने शास्त्रच सांगतं आहे.

पैशांचं काय? आम्हाला खाजगी केंद्रात पंधरा हजारांच्या वर सांगितले. बचत गटातून कर्ज काढलं, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाने थोडी मदत केली. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आहे. पण तिचा कणा म्हणजे दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची ठरलेली पॅकेजं. ज्या आजाराचं नावच अजून ठरलेलं नाही, त्याचं पॅकेज कुठलं? गरीब बाईचा खरा खर्च निदानाच्या आधीच होतो, आणि नेमका तिथेच सरकारचा हात आखडतो.

हे तंत्र आपल्या देशाला परकं नाही, आणि ते लोकांच्या पैशावर वाढलेलं आहे. ट्रॉम्बेला १९५६ साली ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, आशियातली पहिली. (भट्टीलासुद्धा अप्सरेचंच नाव, पुरुषांच्या कल्पनाशक्तीला तोड नाही.) १९६३ साली भाभा अणुसंशोधन केंद्राच्या वतीने परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर निघालं. २००२ साली तिथेच देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन बसलं, ज्यात हे फ्लोरिन तयार होतं. आज पेटची केंद्रं बरीच झाली आहेत, पण ती मुंबई, पुणे, नागपूर आणि आणखी काही मोठ्या शहरांच्या आसपास. ११० मिनिटांत अर्ध्यावर येणारा माल फार लांब नेता येत नाही, हे मला मान्य आहे. प्रत्येक तालुक्याला पेट यंत्र द्या असं म्हणणं म्हणजे पोरखेळ होईल.

मग मागायचं काय? माझ्या मते क्रम असा असायला हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात येणाऱ्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येक बाईची दोन्ही मनगटं पाहणं आणि गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत दोन्ही हातांचा रक्तदाब मोजणं ही शिस्त व्हावी. हा आजार अंगात असताना दिवस गेले तर रक्तदाब चढून आईचा आणि बाळाचा जीव धोक्यात येऊ शकतो. ज्या बाळंतपणाच्या तपासणीवर सरकार एवढं बोलतं तिथेच हे बसवता येईल. एक हात लागला आणि दुसरा लागला नाही तर तिला जिल्हा रुग्णालयात डॉपलर मिळावं. तिथून, ज्यांना खरोखर गरज आहे अशा थोड्याजणींना, वैद्यकीय महाविद्यालयाच्या संधिवात विभागाच्या शिफारशीने, एमआरआय किंवा पेट फुकट मिळावं. दाखल असो वा नसो. निदान न झालेल्या रुग्णासाठी वेगळा निधी ठेवणं ही काही अशक्य कोटीतली गोष्ट नव्हे.

आणि एक राहिलंच. या तपासणीला निदान सहा तास उपाशी यावं लागतं, आणि इंजेक्शनानंतर तासभर न हलता, न बोलता पडून राहावं लागतं. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या पाड्यावरून रात्रभर एस.टी.त बसून आलेल्या बाईला सकाळी आठला रांगेत उभं करून दुपारी तीनला नंबर लावणं चालणार नाही. लांबून येणाऱ्यांना पहिला नंबर, आदल्या रात्री निवाऱ्याला जागा, सोबतच्या बाईला लेकरू सांभाळायला एक खोली, आणि तपासणी झाल्यावर लगेच एक कप चहा आणि खायला काहीतरी. आमच्या मुलीने त्या तासाबद्दल नंतर सांगितलं, “ताई, लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी तासभर नुसती पडून राहिले ती पहिल्यांदाच. झोपच लागली मला.” आता तिची औषधं चालू आहेत. डाव्या मनगटाला अजून नाडी लागत नाही, पण ताप गेला आहे, वजन चार किलोने वाढलं आहे. आणि आमच्या आरोग्य शिबिरात रक्तदाबाच्या टेबलावर तीच बसते.